एन्क्रिप्ट केलेली एसएसडी रखडतेय? आधी पार्टिशन कुठून सुरू होतं ते बघा

शहापूरला माझ्या मावसभावाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं तिथे होतं. बारावीचा निकाल लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आदिवासी पाड्यांवरची मुलं एका पिशवीत घरची सगळी कागदपत्रं घालून येतात, आणि ती सगळी स्कॅन होऊन एका जुन्या लॅपटॉपमध्ये जमा होतात. आधार, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, सही.

तो लॅपटॉप रोज रात्री भावाच्या बॅगेतून घरी जातो. कधी रिक्षात, कधी बाइकला लटकवून. कुणी तो लंपास केला तर विंडोजचा किंवा लिनक्सचा लॉगिन पासवर्ड काहीही कामाचा नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं वाचता येतं. म्हणून गेल्या वर्षी मी त्यात एसएसडी बसवली, लिनक्स टाकलं आणि कागदपत्रांच्या पार्टिशनवर एन्क्रिप्शन घातलं. मोठा शहाणपणा केला असं वाटलं होतं.

जुलैमध्ये भावाचा फोन आला. "दादा, तुझं ते एन्क्रिप्शन काढून टाक. प्रत्येक स्कॅन सेव्ह व्हायला वेळ लागतो, लाइन दाराबाहेर जाते आणि लोक माझ्यावर चिडतात."

त्याचं चुकलं नव्हतं. पण शेकडो लोकांचे कागद उघडे ठेवणं मला पटेना. रविवारी मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूर गाठलं आणि लॅपटॉप पुढ्यात घेतला. दोष एन्क्रिप्शनचा कमी आणि माझा जास्त निघाला. तुमच्याकडे एखाद्या जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावलेली असेल तर हाच घोळ तिथेही असू शकतो.

सेक्टर, पेज आणि ब्लॉक

डिस्कवरची जागा छोट्या तुकड्यांत मोजतात. त्या तुकड्याला सेक्टर म्हणतात. कित्येक वर्षं एक सेक्टर म्हणजे ५१२ बाइट हे ठरलेलं होतं. पुढे हार्डडिस्क कंपन्यांनी ४०९६ बाइटचा सेक्टर आणला, आणि २०११ च्या सुरुवातीपासून नवीन डिस्क त्याच पद्धतीच्या काढायचं ठरवलं. त्याला अ‍ॅडव्हान्स्ड फॉरमॅट म्हणतात. जुने सॉफ्टवेअर गोंधळू नयेत म्हणून बऱ्याच डिस्क आतून ४०९६ च्या असूनही बाहेर "मी ५१२ ची" असंच सांगतात.

एसएसडीचं आतलं काम आणखी वेगळं. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, नॅंड फ्लॅशच्या चिप असतात. चिपमध्ये लिहायचं माप म्हणजे पेज. ते ४, ८ किंवा १६ केबीचं असतं. अशी पुष्कळ पेजेस मिळून एक ब्लॉक होतो. लिहिलेल्या पेजवर परत तसंच लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. म्हणून एसएसडीचा कंट्रोलर नवीन मजकूर दुसऱ्या कोऱ्या पेजवर लिहितो आणि "हा तुकडा आता इथे आहे" अशी नोंद आपल्या वहीत करतो. बऱ्याच एसएसडी ही वही ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी ठेवतात.

आपल्याकडची भातखाचरं डोळ्यासमोर आणा. प्रत्येक खाचराला बांध आहे. एका खाचराची आवणी करायची तर त्याच खाचरात पाणी घ्यायचं, चिखल करायचा, काम झालं. आता समजा वाटणी करणाऱ्याने दोरी चुकीच्या जागेवरून धरली आणि तुमच्या वाट्याला एका खाचराचा कोपरा आणि शेजारच्याचा बाकी भाग आला. आता आवणी तेवढ्याच जागेची, पण चिखल दोन्ही खाचरांत करायचा, आणि दुसऱ्याचं लावलेलं भात मोडणार नाही हेही बघायचं.

एसएसडीत नेमकं असंच होतं. फाइल सिस्टिम सहसा ४०९६ बाइटच्या तुकड्यांत लिहिते. तो तुकडा एसएसडीच्या तुकड्यावर बरोबर बसला तर एकच लिखाण. तो दोन तुकड्यांवर आडवा पडला तर कंट्रोलरला दोन्ही जुने तुकडे वाचावे लागतात, थोडा थोडा भाग बदलावा लागतो आणि दोन्ही परत लिहावे लागतात. वेळ जातो तो जातोच, वर चिपची झीजही वाढते. मोठा सिनेमा कॉपी करताना हे फारसं जाणवत नाही, कारण सलग लिखाणात फक्त दोन टोकं अर्धवट राहतात. छोटी छोटी लिखाणं सारखी होत असतील, म्हणजे स्कॅन, डेटाबेस, ब्राउझर, तिथे जाणवतं. भावाच्या दुकानात दिवसभर तेच चालतं.

६३ हा आकडा आला कुठून

जुन्या काळी हार्डडिस्कचा हिशोब सिलिंडर, हेड आणि सेक्टर असा ठेवत. एका ट्रॅकवर ६३ सेक्टर धरायचे. पहिला ट्रॅक बूटसाठी सोडायचा आणि पार्टिशन पुढच्या ट्रॅकपासून, म्हणजे ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं. विंडोज एक्सपीपर्यंत हेच चालू होतं. हार्डडिस्क ५१२ ची होती तोवर कुणाला काही त्रासही नव्हता.

आता भागाकार करा. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. त्याला ४०९६ ने भागलं तर ७.८७५ येतात. पूर्ण भाग जात नाही. दुसऱ्या भाषेत, ४०९६ च्या एका तुकड्यात ५१२ चे आठ सेक्टर बसतात. ६३ ला आठने भागलं की बाकी उरते सात. म्हणजे पार्टिशनचा पहिलाच तुकडा एका खाचराच्या शेवटच्या आठव्या हिश्शात सुरू होतो आणि उरलेले सात हिस्से पुढच्या खाचरात जातात. पहिला वाकडा बसला की मागचे सगळेच वाकडे.

२००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ही पद्धत बदलली. पार्टिशन १ एमबीवर सुरू होऊ लागलं, म्हणजे २०४८ व्या सेक्टरवर. २०४८ गुणिले ५१२ म्हणजे १०,४८,५७६, आणि त्याला ४०९६ ने भागलं की बरोबर २५६. लिनक्सची आजची साधनंही तिथूनच सुरुवात करतात. त्यामुळे नवीन लॅपटॉपवर, कोऱ्या एसएसडीवर सगळं नव्याने टाकलं असेल तर तुम्हाला काळजी करायचं कारण नाही.

मग मी काय केलं होतं? भावाचा लॅपटॉप एक्सपीच्या जमान्यातला. जुनी हार्डडिस्क मी सरळ सेक्टरला सेक्टर क्लोन केली एसएसडीवर. नव्याने पार्टिशन कोण पाडत बसणार, हा आळस. नंतर दुसऱ्या पार्टिशनची जागा मोकळी करून तिथे लिनक्स नव्याने टाकलं, आणि पहिल्या पार्टिशनवर एन्क्रिप्शन घालून ते कागदपत्रांसाठी ठेवलं. आतला माल बदलला, सुरुवात मात्र ६३ वरच राहिली.

एन्क्रिप्शन आपली स्वतःची भर घालतं

लिनक्समध्ये डिस्क एन्क्रिप्शनसाठी बहुतेक ठिकाणी लुक्स वापरतात, आणि ते लावायचं साधन म्हणजे क्रिप्टसेटअप. लुक्स पार्टिशनच्या सुरुवातीला आपलं एक हेडर ठेवतं. त्यात किल्ल्यांची माहिती असते. खरा डेटा त्याच्या पुढे सुरू होतो. लुक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत हे हेडर सहसा १६ एमबीचं असतं, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. हा आकडा म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६. अगदी नेटका.

पण मोजणी पार्टिशनच्या सुरुवातीपासून होते हे विसरू नका. पार्टिशनच ३२,२५६ वर सुरू झालं असेल तर डेटा १,६८,०९,४७२ वर सुरू होणार, आणि परत तीच ०.८७५ ची शेपूट उरणार. जोत्याची ओळ चुकली की वरची भिंत कितीही सरळ बांधा, घर तिरकंच. लुक्सच्या वर एलव्हीएम, त्याच्या वर फाइल सिस्टिम असे आणखी थर असतील तर प्रत्येकाची सुरुवात तपासायची.

दुसरी गोष्ट एन्क्रिप्शनच्या स्वतःच्या सेक्टरची. लुक्स डेटा तुकड्यातुकड्याने कुलूपबंद करतं, प्रत्येक तुकड्याला त्याच्या क्रमांकाप्रमाणे वेगळं गणित लागतं. हा तुकडा पूर्वी ५१२ बाइटचाच असायचा. २०१७ साली लिनक्स कर्नल ४.१२ पासून तो ४०९६ चाही ठेवता येऊ लागला. तुकडा मोठा असला की आठ वेळा करायची तयारी एकदाच करावी लागते. क्रिप्टसेटअप २.४ पासून, म्हणजे २०२१ पासून, डिस्कने स्वतःचा खरा सेक्टर ४०९६ आहे असं सांगितलं तर साधन आपणहून ४०९६ निवडतं.

घोळ इथेच आहे. पुष्कळ एसएसडी विचारलं तर दोन्हीकडे ५१२ च सांगतात. आमची तशीच होती. म्हणून क्रिप्टसेटअपने मुकाट ५१२ घेतलं, आणि पार्टिशन वाकडं आहे अशी सूचनाही कुणी दिली नाही. डिस्कच म्हणतेय की मी ५१२ ची, मग ६३ वर सुरू झालेलं पार्टिशन मशीनच्या लेखी सरळच! तेव्हा मशीनने "अलाइन्ड" असं लिहून दाखवलं तरी तेवढ्यावर थांबू नका. आकडा घ्या आणि फोनच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः भागा.

स्वतःच्या मशीनवर कसं बघायचं

विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. कंपोनंट्स, मग स्टोरेज, मग डिस्क्स उघडा. तिथे प्रत्येक पार्टिशनसमोर "पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट" बाइटमध्ये दिसेल. त्याला ४०९६ ने भागा. पूर्ण भाग गेला तर सुटलात. १०,४८,५७६ ने गेला तर उत्तमच. बिटलॉकर वापरत असाल तर तो पार्टिशनची सुरुवात हलवत नाही, त्यामुळे एवढं बघणं पुरतं. व्हेराक्रिप्टमध्ये डेटा १,३१,०७२ बाइट पुढे सुरू होतो. हा आकडा ४०९६ च्या बत्तीसपट आहे, म्हणजे त्याच्याकडून वाकडेपणा येत नाही.

लिनक्समध्ये टर्मिनल उघडून सुडो, एफडिस्क, आणि पुढे डॅश व छोटं एल. "स्टार्ट" या रकान्यात सेक्टरचा आकडा येतो. वर सेक्टर ५१२ चा लिहिलेला असेल तर हा आकडा आठने भागून बघा. मग क्रिप्टसेटअपला लुक्सडंप हा शब्द आणि पार्टिशनचं नाव द्या. त्यात "ऑफसेट" आणि "सेक्टर" अशा दोन ओळी शोधा. आमच्याकडे पहिल्या आदेशात ६३ आणि दुसऱ्यात ५१२ दिसलं. भाऊ शेजारीच बसला होता. त्याला सगळं समजावल्यावर म्हणाला, "म्हणजे मोजणीच चुकली होती." सातबाऱ्याच्या कामात मुरलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळलं.

दुरुस्ती, आणि लाइटचा प्रश्न

पार्टिशन जागच्या जागी पुढे सरकवणारी साधनं आहेत. मी ती वापरली नाहीत, तुम्हीही वापरू नका असंच सांगेन. सरकवायचं म्हणजे सगळा डेटा थोडा थोडा पुढे लिहीत जायचा, आणि त्याला तासन् तास लागू शकतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा सुटला की लाइट जाते. भावाच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, वायर काढली की बंद. काम अर्ध्यावर असताना मशीन बंद पडलं तर एन्क्रिप्ट केलेल्या डेटातून काही हाती लागण्याची आशा जवळपास सोडायची.

म्हणून लांबचा रस्ता घेतला. सगळी कागदपत्रं दोन वेगळ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या. एक दुकानात, एक मी मुरबाडला घेऊन आलो. कॉपीमधल्या पाचपन्नास फाइल खरोखर उघडून बघितल्या. हे लोक करत नाहीत आणि मग रडतात. पुढच्या रविवारी एसएसडी कोरी केली, नवीन पार्टिशन टेबल बनवलं, पहिलं पार्टिशन २०४८ व्या सेक्टरवर आणि बाकीची त्याच हिशोबाने. लुक्स बनवताना "सेक्टर साइज" या पर्यायात ४०९६ स्वतः लिहून दिलं. पार्टिशनची एकूण लांबीही ४०९६ च्या पटीत लागते, नाहीतर क्रिप्टसेटअप नकार देतं. माप एमबीत दिलं की हे आपोआप जमतं.

जुन्या लुक्सवर जागच्या जागी सेक्टरचं माप बदलायचीही सोय आहे. पण आतली फाइल सिस्टिम लहान तुकड्यांची असेल तर ती नंतर उघडणार नाही. एनव्हीएमई एसएसडीपैकी काहींना आतूनच ४०९६ वर नेता येतं, पण त्या आदेशाने डिस्क पूर्ण पुसली जाते. दोन्ही उद्योग कोऱ्या डिस्कवरच करावेत.

आणि हेडरची प्रत. लुक्सचं हेडर खराब झालं तर पासवर्ड पाठ असूनही काहीच उघडत नाही, कारण खरी किल्ली हेडरमध्ये असते. क्रिप्टसेटअपमध्ये लुक्सहेडरबॅकअप म्हणून आदेश आहे, त्याने एक छोटी फाइल मिळते. ती वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नको. विंडोजवाल्यांनी पार्टिशनला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. नवीन लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आधीपासून चालू असू शकतं, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

किती फरक पडला?

स्कॅन सेव्ह करताना जो अडखळा होता तो गेला. भाऊ खूश. पण मोठं फोल्डर कॉपी करायला अजूनही वेळ लागतो, आणि त्याचा अलाइनमेंटशी संबंध नाही. तो प्रोसेसर जुना आहे. एन्क्रिप्शनचं एईएस हे गणित करण्यासाठी इंटेलने २०१० पासून प्रोसेसरमध्ये खास सूचना घालायला सुरुवात केली. भावाच्या मशीनमध्ये त्या नाहीत, सगळं गणित प्रोसेसर हाताने करतो. तुमच्या प्रोसेसरमध्ये त्या आहेत का हे लिनक्सवर एलएससीपीयू या आदेशाने दिसणाऱ्या फ्लॅग्जच्या यादीत एईएस शोधून कळतं. क्रिप्टसेटअपचा बेंचमार्क चालवला की खरा वेगही दिसतो. तिथला आकडाच कमी असेल तर पार्टिशन कितीही नीट लावा, त्याच्या पुढे वेग जाणार नाही.

स्वस्त फोनमध्ये हीच अडचण होती. बऱ्याच कमी किमतीच्या फोनच्या प्रोसेसरला एईएसची मदत नसते, म्हणून गूगलने २०१९ मध्ये अ‍ॅडिअँटम नावाची पद्धत आणली. ती एईएसवर फार अवलंबून नाही आणि ४०९६ च्या मोठ्या तुकड्यांवर चांगली चालते. लिनक्समध्येही ती आहे. भावाच्या लॅपटॉपवर मी ती घातली नाही. उद्या काही बिघडलं आणि मी इथे नसलो तर दुसऱ्या कुणालाही साध्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून उघडता यावं, म्हणून एईएसच ठेवलं.

फोनच्या आतल्या स्टोरेजमध्ये तुम्हाला अलाइनमेंट वगैरे बघायचं नाही. ते कंपनीने कारखान्यातच केलेलं असतं, आणि यूएफएस स्टोरेज तर मुळातच निदान ४०९६ च्या तुकड्यांत बोलतं. मेमरी कार्डाचं मात्र वेगळं. कार्ड कारखान्यातून योग्य जागी सुरू होणाऱ्या पार्टिशनसह येतं, आणि आपण कुठल्यातरी जुन्या साधनाने फॉरमॅट करून ते बिघडवतो. कार्ड फोनमध्येच फॉरमॅट करा, नाहीतर एसडी असोसिएशनचं फुकट मिळणारं फॉरमॅटर वापरा.

एक गोष्ट राहिली होती, ती शेवटी लक्षात आली. लॅपटॉपमधून काढलेली जुनी हार्डडिस्क वर्षभर दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. एसएसडीला दोन कुलपं, आणि जुने सगळे दाखले शेजारी उघड्यावर. ती हार्डडिस्क होती म्हणून एकदा पूर्ण शून्यांनी भरून पुसली. एसएसडीवर हा उपाय भरवशाचा नाही, कारण कंट्रोलर नवीन लिखाण दुसऱ्याच पेजवर टाकतो आणि जुनं पेज आत कुठेतरी राहू शकतं. तिथे डेटा पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेला असावा लागतो. आता भाऊ म्हणतो, रद्दीतला प्रिंटरही एकदा बघून घे, त्यालाही मेमरी असते म्हणे. पुढच्या रविवारी जाणार आहे.